अर्निस-एस्क्रिमा शिकायला सुरुवात कशी करावी? (फिलिपिनो काठी, अगदी पहिल्यापासून)

सेबूवासी:
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या फिलिपिन्समधल्या सेबू शहरात राहतो आणि इथे संध्याकाळी वस्तीतल्या पत्र्याच्या शेडखालच्या बास्केटबॉल कोर्टवर एका गुरोंकडे (इथे शिकवणाऱ्याला गुरोच म्हणतात) काठी शिकतोय. मागे दुसऱ्या एका धाग्यावर मी ओझरता उल्लेख केला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं काय शिकवतात, घरी करता येईल का, काठी कुठली घ्यायची, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी नावांचा गोंधळ मिटवूया. अर्निस, एस्क्रिमा आणि काली ही तिन्ही नावं मोठ्या प्रमाणात एकाच घराण्याच्या कलेला वापरली जातात. सेबूत एस्क्रिमा जास्त ऐकू येतं, सरकारी कागदावर अर्निस आणि अमेरिकेत काली. २००९ च्या डिसेंबरमध्ये फिलिपिन्सच्या संसदेने केलेला कायदा क्र. ९८५० लागू झाला आणि अर्निस हा देशाचा राष्ट्रीय मार्शल आर्ट आणि खेळ झाला. तेव्हा कुठलं नाव खरं यात वेळ घालवू नका, गुरू कोण मिळतोय ते बघा.

आता मुख्य गोष्ट. कराटे-ज्युडोत आधी रिकामे हात आणि वर्षानुवर्षांनी शस्त्र, इथे बरोबर उलटं. पहिल्या दिवशीच हातात काठी देतात आणि रिकाम्या हाताचं शिक्षण त्यातूनच पुढे येतं. कारण इथे सगळं बांधलेलं आहे ते कोनांवर. मार कुठल्या दिशेने येतोय एवढंच बघायचं, तो काठीचा आहे, कोयत्यासारख्या बोलोचा आहे की नुसत्या मुठीचा आहे हे नंतर. बहुतेक शाळांमध्ये बारा कोन असतात. रेमी प्रेसास या गुरूंच्या मॉडर्न अर्निस नावाच्या शाळेतली मांडणी सांगतो: एक आणि दोन डोक्याच्या दोन बाजूंना, तीन आणि चार दंड-कोपर-बरगडीच्या बाजूला, पाच पोटात सरळ खुपसणी, सहा-सात छातीत खुपसणी, आठ-नऊ गुडघ्याला, दहा-अकरा डोळ्यांकडे, आणि बारा सरळ टाळूवर. दुसऱ्या शाळेत गेलात तर आकडे बदलतील, तिथला पाच म्हणजे इथला बारा असेल, पण दिशा त्याच राहतात.

पकड: काठीच्या खालच्या टोकाला साधारण तीन बोटं जागा सोडून मूठ बांधायची. ते सुटलेलं टोक म्हणजे पुन्यो, जवळ आल्यावर त्यानेही मारतात आणि अडकवतात. अंगठा गुंडाळून बोटांवर आणायचा, काठीच्या पाठीवर सरळ ठेवायचा नाही, नाहीतर काठीला काठी भिडली की सगळा धक्का अंगठ्याच्या सांध्यात जातो. मूठ सैल ठेवायची आणि काठी लागण्याच्या क्षणालाच आवळायची, हे ऐकायला सोपंय पण नवीन माणूस पहिल्या मिनिटापासून काठी गळा दाबल्यासारखी धरतो आणि दहा मिनिटांत त्याचा पुढचा हात दगड होतो.

आणि काठी गोल असते ना, त्यामुळे धार कुठे ते कळत नाही. आमचे गुरो सारखं सांगतात की बोटांच्या मधल्या पेरांची रांग जिकडे बघते तिकडे धार. मग कोन एक मारताना ती पेरं लक्ष्याकडे बघतायत का ते तपासायचं. हे एकदा बसलं की तुमची काठी चापट मारत नाही, कापत जाते.

पायांचं आणि डाव्या हाताचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, खूप लांबलं. प्रश्न विचारा.

मुग्धा_पौड_रोड:
छान धागा! वाचतेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याने कुठेतरी दोन काठ्यांचं बघितलं आणि तेव्हापासून घरात लाटणी घेऊन फिरतोय. एवढ्या लहान मुलाला शिकवतात का? आणि लागत नाही का? काठी ती काठीच शेवटी.

कोल्हापूरचा_दाद्या:
काय राव, मस्त विषय काढला. आमच्याकडं मर्दानी खेळाच्या आखाड्यात लहानपणापासून आहे, लाठी-काठी, फरी-गदगा, दांडपट्टा सगळं. तुमचं वाचून पहिलं डोक्यात आलं ते फरी-गदगा, एका हातात गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी आणि दुसऱ्या हातात फरी म्हणजे ढाल. तिकडं डाव्या हातात ढाल नसते मग डावा हात नुसता लोंबतो का? आणि दुसरं, आमच्यात लाठी फिरवणं हेच मोठं शिक्षण, एकटा माणूस चार जणांना जवळ येऊ देत नाही अशी. तिकडं फिरवणं आहे का नाही?

सेबूवासी:
दाद्या, तुमचा प्रश्न एकदम वर्मावर आलाय. या कलेत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अवयव तो डावा रिकामा हातच आहे, आणि धागा काढण्यामागेही खरं कारण तेच आहे, कारण यूट्यूब बघून शिकणारे नेमकं तेवढंच सोडून देतात. काठीचा हात सगळ्यांना दिसतो. डावा हात छातीसमोर, हनुवटीखाली, पंजा उघडा ठेवून तयार असतो, त्याला बांतय कामाय म्हणतात, पहारेकरी हात. अमेरिकेतले लोक त्यालाच जिवंत हात म्हणतात.

त्याचं काम काय ते एक उदाहरण घेऊन सांगतो. समोरच्याने कोन एक मारला, म्हणजे त्याच्या उजव्या खांद्यावरून तिरका तुमच्या डाव्या कानशिलाकडे. तुम्ही डावा पाय तिरका पुढे टाकून काठीने काठी अडवली. इथवर सगळे करतात. पण काठी अडली म्हणजे त्याचा हात अडला असं नाही, तो तिथून लगेच काठी परत ओढून खाली गुडघ्याला मारू शकतो. म्हणून काठी भिडताक्षणी, अगदी त्याच ठोक्यात, डावा पंजा त्याच्या मनगटावर किंवा मुठीवर जातो. पकडायचं नाही, पहिल्यांदा नुसतं ठेवायचं. पंजा ठेवला की त्याचा हात मागे चाललाय, खाली चाललाय का ढकलतोय ते कातडीला कळतं, डोळ्याला कळायच्या आधी. मग तुमची काठी मोकळी, ती मारायला जाते. अडवलं, तपासलं, मारलं. पुढे हेच वाढत जाऊन काठी हिसकावून घेणं येतं.

आणि हे सगळं नीट बघायचं असेल तर बालिन्तावाक शाळा बघावी. सेबूत १९३२ मध्ये दोसे पारेस नावाचा मोठा क्लब निघाला, कान्येते आणि सावेद्रा या दोन घराण्यांच्या पुढाकाराने. त्यातले वेनान्सियो बाकोन पुढे बाजूला झाले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बालिन्तावाक नावाच्या रस्त्यावर, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या जागेत शिकवायला लागले. जागा लहान, दोन माणसं हातभर अंतरावर उभी. एकच काठी आणि एक रिकामा हात. एवढ्या जवळून काठी फिरवायला जागाच नसते, त्यामुळे डावा हात नसेल तर तुम्ही संपलात. आजही त्या शाळेत नवशिक्याला गुरो समोर घेऊन उभा राहतो आणि मार देत राहतो, विद्यार्थी नुसता बचाव करतो, कितीतरी दिवस नुसता बचावच, आणि गुरो हळूहळू वेग आणि क्रम बदलत जातो.

फिरवणं आहे, पण तुमच्या लाठीएवढं नाही, कारण काठीच जेमतेम अठ्ठावीस इंचांची. रेदोन्दा म्हणून गोल फिरवायचे मार आहेत आणि आबानिको म्हणजे मनगटाने पंख्यासारखी डावी-उजवी काठी चालवायची.

कोल्हापूरचा_दाद्या:
हां, मनगट! इथं मोठा फरक आहे बघा. दांडपट्ट्यात मूठ लोखंडी खोबणीत असते, हात कोपरापर्यंत आत, मनगट वाकतच नाही. सगळं खांद्यातनं आणि कमरेतनं. म्हणून पट्टेकऱ्याला अंग फिरवावंच लागतं, पाय थांबले की पट्टा थांबला. तुमच्याकडं मनगटानं खेळ चालत असेल तर अंग आळशी होत असणार. आमचे वस्ताद गदगा शिकवताना पण पहिलं पैंतराच घ्यायला लावायचे, हात नंतर.

सेबूवासी:
अगदी खरं बोललात, आणि इथेही नेमकी तीच तक्रार गुरो करतात. मनगटाने काठी चालवता येते म्हणून नवीन पोरं उभ्या जागी पंखा हलवत बसतात. त्यासाठी पायाचं शिक्षण वेगळं घेतात. जमिनीवर खडूने त्रिकोण काढतात किंवा बांबूच्या पट्ट्या ठेवतात. तुम्ही टोकावर उभे, आणि समोरच्या दोन टोकांपैकी एकावर पाऊल टाकायचं, म्हणजे शत्रूकडे जायचं पण सरळ नाही, तिरकं. मार ज्या रेषेवर येतोय ती रेषा सोडायची आणि त्याच पावलात जवळ पण जायचं. दुसरा त्रिकोण उलटा, टोक पुढे, तो मागे सरकायला आणि पाय वाचवायला. आमच्याकडे वर्गाच्या सुरुवातीला काठी काखेत धरून नुसते पाय करून घेतात, कंटाळा येतो पण ते झाल्याशिवाय काठी हातात घेऊ देत नाहीत.

मुग्धाताई, तुमच्या मुलाचं: नऊ वर्षं म्हणजे उशीर नाही की लवकर नाही. इथे शाळेत पीटीच्या तासाला अर्निस शिकवतात, पोरं गणवेशावर दोन-दोन काठ्या घेऊन रांगेत उभी असतात. लहानांना स्पंज गुंडाळलेली काठी देतात. आणि डोळ्यांना गॉगल हवाच, त्यात तडजोड नाही.

दावाव_एमबीबीएस:
मी दावावला मेडिकलला आहे (इथे महाराष्ट्रातली खूप मुलं-मुली आहेत, मेसमध्ये पिठलं पण मिळतं). कॉलेजच्या अर्निस क्लबमध्ये जाते म्हणून राहवलं नाही.

मुग्धाताई, लागतं. खोटं कशाला सांगू. पण कुठे लागतं ते कळलं की निम्मं टाळता येतं. सगळ्यात जास्त मार खातो तो काठी धरलेला हात, बोटांची पेरं आणि तळहाताची हाडं. आणि ते चुकून नाही, या कलेत लांबून लढताना पहिलं लक्ष्य हातच असतो, शस्त्र धरणारा हात निकामी केला की पुढचं भांडणच उरत नाही. त्यामुळे सरावात समोरच्याच्या काठीवर मारायचं असतं तेव्हा एक जण जरा जरी चुकला की काठी घसरून दुसऱ्याच्या मुठीवर येते. पॅड असलेले ग्लोव्हज घाला, लॅक्रोसचे किंवा हॉकीचे चालतात. बोट सुजलं आणि टोक सरळ होत नसेल तर नुसतं तेल लावून बसू नका, एक्सरे काढा, टेंडन तुटलेला असू शकतो आणि तो वेळेत पट्टीत ठेवला तरच नीट जुळतो.

दुसरं दुखणं सावकाश येतं. घट्ट मूठ आवळून रोज मारत राहिलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, टेनिस एल्बोच तो. चहाचा कप उचलताना कळ आली की समजायचं. सेबूवासींनी वर सैल मुठीचं लिहिलंय ते म्हणूनच महत्त्वाचं आहे. आणि दोन्ही हातांनी शिका! आमच्या क्लबमध्ये प्रत्येक कोन डाव्या हाताने पण करून घेतात.

अभि_ठाणे:
एक मत मांडतो. मी मुंबईत थोडे दिवस काली केलं. ते दोन काठ्यांचं सिनावली दिसायला भारी पण मला तरी ते निव्वळ टाळ्या वाजवण्यासारखं वाटलं, दोघांनी ठरवून काठीला काठी मारायची, त्यात लढाई कुठे आहे? त्यापेक्षा सरळ हेल्मेट घालून स्पारिंग करावं, खरं काय ते तिथेच कळतं.

सेबूवासी:
अभि, हा आक्षेप बऱ्याच लोकांचा असतो, आणि जिथे सिनावली नुसती वेगाने खडखड करायला शिकवतात तिथे तो बरोबर पण आहे. पण सिनावलीत काय दडलंय ते जरा सावकाश बघूया.

दुहेरी सिनावली घ्या. सुरुवातीला उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेखाली. एक: उजवा हात खांद्यावरून तिरका. दोन: डावा हात काखेखालून उलटा बाहेर. तीन: उजवा हात पुन्हा, आता उलट्या बाजूने. तिसऱ्यानंतर उजवी काठी आपोआप डाव्या काखेखाली येते आणि डावी डाव्या खांद्यावर, म्हणजे चित्र आरशात उलटं झालं. मग तेच तीन डावीकडून. सहा मारांचं एक चक्र.

यातून काय शिकतो? एक म्हणजे डावा हात उजव्याइतका कामाला लागतो. दुसरं, एक हात मारत असताना दुसरा रिकामा बसत नाही, तो पुढच्या माराच्या जागेवर जातोय. आता दुसऱ्या हातातली काठी काढून घ्या. दोन नंबरचा मार होता ना, काखेखालून बाहेर येणारा डावा हात? तोच मी वर सांगितलेला मनगटावर पंजा ठेवणारा हात आहे. तोच रस्ता, तोच ठोका. आमच्या वर्गात गुरो हे मुद्दाम करतात, सिनावली चालू असतानाच एकाची एक काठी काढून बाजूला टाकतात आणि म्हणतात थांबू नका, चालू ठेवा. मग दिसतं की हातांना सगळं आधीच माहीत होतं. नंतर दुसरी पण काढून घेतात आणि त्याच हालचाली रिकाम्या हाताने होतात.

स्पारिंगला माझा विरोध नाहीच. सेबूत १९८० च्या दशकाच्या शेवटी वेकाफ नावाची जागतिक संघटना निघाली, तिच्या स्पर्धेत जाड गुबगुबीत चिलखत आणि जाळीचं हेल्मेट घालून खरी वेताची काठी वापरतात. पण तिथे काय होतं की चिलखतामुळे कोणीच मार चुकवत नाही, दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोक्यावर धडाधड काठ्या बडवतात. हातात बोलो असता तर त्यातला पहिलाच मार शेवटचा असता. म्हणून मला दोन्ही हवं, सिनावली पण आणि हलक्या पॅडच्या काठीने मोकळं खेळणं पण, आणि दोन्ही सावकाश सुरू करून.

अभि_ठाणे:
काठी काढून घ्यायचं मला कोणी दाखवलंच नव्हतं. हे करून बघतो. चिलखताच्या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही, अंगावर थोडा तरी खरा मार आल्याशिवाय भीती जात नाही असं माझं ठाम मत आहे.

बे_एरियावाले_काका:
मंडळी, मी कॅलिफोर्नियात आहे आणि इथून स्टॉकटन फार लांब नाही, म्हणून इतिहासाची थोडी भर घालतो. १९२०-३० च्या काळात हजारो फिलिपिनो तरुण शेतमजूर म्हणून इथे आले, शतावरीचं पीक काढायला, आणि स्टॉकटनमध्ये लिटल मनिला नावाची त्यांची वस्ती उभी राहिली. त्यांच्यातल्या अनेकांना काठी येत होती पण बाहेर कोणाला दाखवत नसत, आपापल्या लोकांतही सगळ्यांना नाही. १९६६ मध्ये अँजेल काबालेस यांनी स्टॉकटनमध्ये सगळ्यांसाठी खुली शाळा काढली, अमेरिकेतली अशी पहिलीच. त्यांची सेराडा पद्धत एकदम जवळची, छोट्या काठीची. डॅन इनोसान्तो हे पण स्टॉकटनचेच, ब्रूस ली यांचे जवळचे मित्र आणि विद्यार्थी, त्यांच्यामुळे काली जगभर गेली.

आणि एक. दुसऱ्या महायुद्धात इथे १९४२ मध्ये पहिली फिलिपिनो पायदळ रेजिमेंट उभी राहिली, त्या सैनिकांना बोलो दिलेले होते. शेतात राबणारे तेच हात. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो, दिवसभर वाकून शतावरी कापायची आणि रात्री खोलीच्या मागे काठी.

विक्रांत_आर:
काका, सुंदर माहिती. माझा प्रश्न: दर्यावर्दी मॅगेलनला मक्तान बेटाचा सरदार लापुलापु याने एस्क्रिमाने मारलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते खरं आहे का?

सेबूवासी:
विक्रांत, मक्तान बेट सेबूच्या समोरच आहे, पूल ओलांडला की पोचतो. २७ एप्रिल १५२१ ला तिथे लढाई झाली आणि मॅगेलन मारला गेला हे पक्कं. त्याच्या बरोबरचा पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता, त्याने डोळ्यांनी बघितलेलं लिहून ठेवलंय. त्यात बांबूचे भाले, बाण, दगड आणि एक मोठी वाकडी तलवार आहे, आणि उथळ पाण्यात चालत आलेल्या स्पॅनिश लोकांच्या चिलखत नसलेल्या पायांवर भडिमार झाला हे आहे. गुडघ्याखाली मारा, सैनिक कोसळतो. आजच्या काठीच्या कलेची बारा कोनांची शिकवण तेव्हा होती असं मात्र त्यात कुठे नाही, आणि आज जे दिसतं त्याच्यावर स्पॅनिश तलवारबाजीचा ठसा उघड आहे, आकडे उनो-दोस-त्रेस, एका हातात लांब तलवार आणि दुसऱ्यात कट्यार धरायचा एस्पादा इ दागा प्रकार. लापुलापुचा पराक्रम आहेच, त्याला या जोडकामाची गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

मुग्धा_पौड_रोड:
खूपच माहितीपूर्ण. आता व्यावहारिक सांगा ना कोणीतरी, पुण्यात काठी कुठून आणू? घरी झाडूचा दांडा आहे तो चालेल का?

सेबूवासी:
झाडूचा दांडा अजिबात नको. कठीण लाकूड काठीला भिडलं की उभं चिरतं आणि टोकदार तुकडा उडतो. बांबू पोकळ, तोही फुटून चिपा निघतात. पाहिजे तो वेत. वेत भरीव असतो पण आतून तंतूंचा, त्यामुळे तो तुटत नाही, हळूहळू झुरमुळ्या सुटून मऊ होत जातो. दोन कोरड्या वेताच्या काठ्या जोरात भिडल्या की जळक्याचा वास येतो, कोर्टवर बारा-पंधरा जण एकदम मारायला लागले की तो वास भरून राहतो. झुरमुळ्या सुटायला लागल्या की इलेक्ट्रिकची चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, अजून बरेच दिवस चालते.

पुण्यात वेताच्या खुर्च्या-झोपाळे बनवणाऱ्यांकडे जा आणि भरीव जाड वेत मागा, पाऊण ते एक इंच जाडीचा. लांबी मोठ्यांना अठ्ठावीस इंच, मुलाला त्याच्या काखेपासून पंजापर्यंत मोजून. दोन पेरांमधलं अंतर जितकं कमी तितका वेत जड आणि टिकाऊ. टोकं सॅंडपेपरने गोल करून घ्या, कडा राहिली तर तिथूनच उकलायला लागतो. मुलाच्या काठीवर मात्र पाईपला लावायचा काळा स्पंज चढवून वरून कापडी टेप, काम झालं. आणि विमानाने इथून कोणी आणणार असेल तर काठ्या चेक-इन बॅगेतच टाकायला सांगा, केबिनमध्ये सोडत नाहीत.

कोल्हापूरचा_दाद्या:
वेत पावसाळ्यात हिरवट ओला असतो तवा घेऊ नका, वाकडा होतो. वाकडा झालाच तर मंद आचेवर फिरवत फिरवत गरम करून गुडघ्यावर सरळ करायचा. आमच्या आखाड्यात लाठीला असंच करतात.

सेबूवासी:
दाद्या, इथे पण आचेवर धरतात! काठीवर जे तपकिरी पट्टे दिसतात ते बऱ्याचदा त्याचेच असतात.

सई_बेंगळुरू:
मला जवळपास गुरू नाही, निदान चालत जाता येईल असा तरी नाही. एकटीने काय करू शकते? खोली लहान आहे आणि वर पंखा आहे.

सेबूवासी:
सई, एकटीने चार गोष्टी नक्की होतात. पहिली पाय, त्रिकोण, खडूने काढून, रोज. दुसरी कोन एक ते चार, आरशासमोर, अतिशय सावकाश, इतक्या सावकाश की काठी हवेत कुठे थांबवली तरी पेरं लक्ष्याकडे बघत असतील. काठी शरीराच्या रेषेच्या किती बाहेर जाते ते बघायचं, खांद्याच्या रुंदीपेक्षा फार बाहेर गेली तर परत यायला वेळ लागतो आणि तोवर समोरचा आत आलेला असतो. तिसरी, डावा हात. मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढ आणि फक्त डावा हात बघ, उजवा बघूच नकोस. प्रत्येक माराला तो छातीसमोर आहे का? पडला असेल तर वेग कमी कर. चौथी, जुना टायर मिळाला तर गच्चीवर टांगून त्यावर मारायचं. हवेत मारून काठी लागल्यावर काय होतं ते कळत नाही, टायरवर पहिल्यांदा मारलं की काठी कशी उसळून परत येते ते कळतं. मारून आरपार न्यायचा एक प्रकार आणि लागताच झटकन परत आणायचा दुसरा, दोन्ही टायरवर करता येतात.

जोडीदार मात्र कधी ना कधी लागणारच. मनगटावर पंजा ठेवून समोरच्याचा हात कुठे चाललाय ते ओळखणं आरशासमोर होत नाही. बेंगळुरूत काली-एस्क्रिमा शिकवणारे आहेत, शोध. पहिल्या भेटीत बघायचं ते एवढंच की गुरू नवीन माणसाबरोबर स्वतः किती सावकाश चालतात, गॉगल घालायला लावतात का, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे डावे हात वर आहेत का.

दावाव_एमबीबीएस:
आणि सई, मुलगी म्हणून संकोच करू नकोस. इथे क्लबमध्ये निम्म्या मुली आहेत. २०१९ च्या आग्नेय आशियाई स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाल्या त्यात अर्निसची वीस सुवर्णपदकं होती, यजमानांनी चौदा घेतली, आणि मुला-मुलींचे प्रकार सारखेच होते. माझी क्लबमधली जोडीदार माझ्या खांद्याएवढी आहे पण तिच्या कोन दोनने माझी काठी हातातून दोनदा उडवली आहे, कारण ती खांद्याने नाही, कमरेने मारते.

सई_बेंगळुरू:
थँक्यू दोघांनाही. पंख्याचं काय करू पण? बारा नंबर टाळूवर म्हणजे काठी वर जाणारच.

सेबूवासी:
गुडघ्यावर बसून कर. इथे पण बसून करून घेतात, पाय काढून घेतले की कंबर किती वळतेय ते लगेच उघडं पडतं.

मुग्धा_पौड_रोड:
आज रविवार पेठेत चौकशी केली, एका वेताच्या दुकानात भरीव तुकडे आहेत म्हणाले, उद्या सॅंडपेपर आणि स्पंज घेऊन बसतो आम्ही दोघं. चिरंजीवांनी गॉगल आत्ताच घालून ठेवलाय.

कोल्हापूरचा_दाद्या:
मुग्धाताई, दोन नाही, चार तुकडे घ्या. त्याला जोडीदार तुम्हीच होणार आहे.